थंडीत चढणारा रोध

नागपूरहून हावड्याच्या वाटेनं निघालं की गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव मागे टाकत गाडी दुर्गला पोचते आणि मग एकामागून एक भिलाईची स्टेशनं येतात. आधी भिलाई नगर, मग पॉवर हाऊस, आणि तिसरं नुसतं भिलाई, ज्याच्या भोवतीच्या वस्तीला सगळे भिलाई-३ म्हणतात. नागपूरपासून सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. इथून पुढे चरोद्यापर्यंत रुळांचं जाळं पसरलेलं दिसतं. मालगाड्या जोडण्या-तोडण्याचं मोठं यार्ड इथेच आहे आणि विजेच्या इंजिनांची शेडही. भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला तो फेब्रुवारी १९५५ मध्ये. तेव्हा या प्रदेशाची राजधानी नागपूर होती, हे आज फारसं कुणाच्या लक्षात नसतं. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेव्हापासून देशातले रूळ म्हटलं की भिलाई.

या प्रकरणाचा विषय पोलाद नाही, पण सुरुवात पोलादापासून केली तर बरं. भिलाईतून आता २६० मीटर लांबीचे जोडरूळ बाहेर पडतात. ६० किलो मीटरमागे धरले तर एका रुळाचं वजन साडेपंधरा टनांच्या वर जातं. त्याचं पोलाद साधारण सोळाशे अंश सेल्सिअसला वितळलेलं असतं. ते सावकाश थिजतं, लाटलं जातं, पुन्हा निवतं. या वेळात लोखंडाच्या अणूंना आपापली जागा शोधायला भरपूर सवड मिळते. ओळीत ओळ, थरावर थर, असे ते बसत जातात. त्यालाच स्फटिक म्हणतात. रूळ डोळ्यांना सलग दिसतो, पण आतून तो अशा असंख्य बारीक स्फटिककणांचा बनलेला असतो.

आता तेच लोखंड घ्या. त्यात शंभरात वीस अणू बोरॉनचे मिसळा, वितळवा, आणि एका बारीक फटीतून जोरात फिरणाऱ्या तांब्याच्या चाकावर सोडा. चाकाची कड सेकंदाला तीसेक मीटर वेगानं पळते. द्रव चाकाला टेकतो न टेकतो तोच थिजून पट्टी होऊन उडतो. पट्टीची जाडी २५ मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे केसाहूनही पातळ. तापमान उतरण्याचा वेग सेकंदाला दहा लाख अंशांच्या घरात. भिलाईच्या एका रुळाइतकी लांब पट्टी नऊ सेकंदांत तयार होते, आणि ती पंचवीस मिलिमीटर रुंद असली तर तिचं वजन सव्वा किलोच्या आतच भरतं. या घाईत अणूंना ओळी लावायला वेळच मिळत नाही. द्रवात जसे होते तसेच ते जागच्या जागी गोठतात. ही धातूची काच.

काच म्हणजे पारदर्शक, ही आपल्या मनातली खूण इथे बाजूला ठेवावी लागते. ही पट्टी आरशासारखी चकचकीत असते, तिच्यातून काही दिसत नाही. काच हे नाव तिच्या आतल्या रचनेचं आहे. स्वयंपाकघरात हा फरक आपण नेहमी पाहतो. साखरेचा पाक संथपणे, दोऱ्यावर, दिवस दिवस ठेवला की खडीसाखर होते. तो स्फटिक. तोच पाक कडक करून ताटात ओतला की चिक्की होते, आणि ती तुटते तीही काचेसारखी, गुळगुळीत आणि धारदार. साखरेचे रेणू मोठे आणि गुंतागुंतीचे असल्यामुळे त्यांना ओळ लावायला जड जातं. धातूचे अणू मात्र गोट्यांसारखे, क्षणात रचले जाणारे. म्हणून साखरेची काच चुलीवर होते आणि अशा धातूच्या काचेसाठी सेकंदाला दहा लाख अंशांचा वेग लागतो.

मिश्रणाची निवडही तितकीच महत्त्वाची. सोनं १०६४ अंशांना वितळतं, सिलिकॉन १४१४ अंशांना. पण दोन्ही योग्य प्रमाणात मिसळले तर ते मिश्रण ३६३ अंशांपर्यंत द्रवच राहतं. इतक्या खाली येईतो द्रव टिकला, तर पुढचा थोडा पल्ला झटक्यात ओलांडून त्याला काचेत पकडता येतं. कॅलिफोर्नियाच्या कॅल्टेक संस्थेत पोल ड्यूवेझ, क्लेमेंट आणि विलेन्स यांनी १९६० मध्ये सोनं-सिलिकॉनचंच मिश्रण वापरून पहिली धातुकाच मिळवली. ‘नेचर’मध्ये आलेला त्यांचा लेख अगदी छोटा होता. ती काच खोलीच्या तापमानाला फार टिकतही नसे. आपल्याकडे बनारस हिंदू विद्यापीठाच्या धातुशास्त्र विभागानं हे काम फार लवकर हाती घेतलं. टी. आर. अनंतरामन यांनी तिथे झटपट थिजवण्याच्या संशोधनाची परंपराच उभी केली. कोणतं मिश्रण काच होईल आणि कोणतं होणार नाही, याच्या उष्मागतिकीवर पी. रामचंद्रराव आणि श्रीकांत लेले यांनी तिथेच काम केलं.

आता विजेकडे वळू. धातूतून वीज वाहते म्हणजे त्यातले मोकळे इलेक्ट्रॉन पुढे सरकतात. वाटेत ते अडखळतात, त्याला आपण रोध म्हणतो. एका ठरावीक आकाराच्या तुकड्याचा रोध, म्हणजे पदार्थाची रोधकता. खोलीच्या तापमानाला तांब्याची रोधकता १.७ मायक्रो-ओम सेंटिमीटर आहे, शुद्ध लोखंडाची सुमारे १०. लोखंड-बोरॉन जातीच्या काचेची १३० च्या आसपास, म्हणजे हीटरच्या नायक्रोम तारेपेक्षाही जास्त.

कारण समजून घेण्यासारखं आहे. इलेक्ट्रॉन हा लाटेसारखा वागतो, आणि नियमित रचलेल्या अणूंमधून लाट न विखुरता जाऊ शकते. स्फटिक कितीही दाट असला तरी त्याची नियमितता इलेक्ट्रॉनला वाट देते. अडथळा येतो तो नियम मोडतो तिथे. एखादा परका अणू, एखादी रिकामी जागा, आणि सर्वांत मोठा अडथळा म्हणजे उष्णतेनं थरथरणारे अणू. खोलीच्या तापमानाला तांब्यातला इलेक्ट्रॉन सुमारे ४० नॅनोमीटर, म्हणजे दीडएकशे अणूंचं अंतर, सरळ जातो आणि मग विखुरतो. तांबं थंड करत नेलं की थरथर कमी होते आणि वाट लांबते. शुद्ध तांब्याचा रोध ४ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत, नेला की शंभरावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी उरतो.

काचेत मात्र इलेक्ट्रॉन एका अणूपासून फार तर दुसऱ्या-तिसऱ्या अणूपर्यंत जातो आणि वळतो. इतक्या आखूड वाटेवर थरथरीमुळे आणखी काय बिघडणार? म्हणून खोलीच्या तापमानापासून चार केल्विनपर्यंत नेलं तरी धातुकाचेचा रोध बहुधा काही टक्केच बदलतो. पहिल्यांदा हा आलेख पाहिला की तो जवळजवळ आडवा दिसतो, आणि इथे काहीच घडत नाही असं वाटून माणूस पान उलटेल. मला या विषयाचं आकर्षण वाटतं ते याच आडव्या रेषेमुळे. तांब्यात थरथरीचा आवाज इतका मोठा असतो की बाकीचं सारं त्यात बुडून जातं. काचेत तो आवाज दबलेला असतो. उरलेल्या शांततेत इलेक्ट्रॉनांचं असं काही वागणं ऐकू येतं, जे एरवी कधीच ऐकू आलं नसतं.

फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या मॉइज यांनी १९७३ मध्ये अस्ताव्यस्त रचनेच्या कितीतरी धातुमिश्रणांची मापं शेजारी शेजारी मांडली. ज्यांची रोधकता सुमारे १५० मायक्रो-ओम सेंटिमीटरच्या खाली, त्यांचा रोध तापवल्यावर वाढतो, शाळेत शिकवतात तसा. त्या रेघेच्या वर मात्र तो तापवल्यावर उतरतो. याचं एक स्पष्टीकरण झायमन यांच्या द्रव धातूंच्या सिद्धांतातून येतं. काचेत ओळी नसल्या तरी शेजाऱ्यांमधलं अंतर साधारण सारखंच असतं, आणि त्यामुळे एका विशिष्ट लांबीच्या लाटा जास्त विखुरतात. इलेक्ट्रॉनांची लाट नेमकी त्या लांबीच्या जवळ पडली, तर तापवल्यावर ते सारखेपण पुसट होतं, विखुरणं घटतं आणि रोध कमी होतो. या हिशेबाला चाक लागत नाही, थंड करायला हेलियम लागत नाही. कागद, संगणक आणि चिकाटी पुरते. वल्लभ विद्यानगरच्या सरदार पटेल विद्यापीठातल्या अभ्यासकांनी अशी कितीतरी गणितं केली. महागड्या यंत्रांपासून दूर असलेल्या गावातल्या शिक्षकालाही या विषयात हात घालता येतो तो याच दारानं.

आता खरी थंडी. पट्टीचा पाच सेंटिमीटर लांब, दोन मिलिमीटर रुंद तुकडा कापा. त्याचा रोध भरतो साधारण १.३ ओम. त्याला चार तारा जोडायच्या. बाहेरच्या दोन तारांतून प्रवाह सोडायचा, आतल्या दोनमध्ये व्होल्टता मोजायची. आतल्या तारांतून जवळजवळ प्रवाहच जात नाही, त्यामुळे तारांचा आणि सांध्यांचा रोध मापात मिसळत नाही. दहा मिलिअँपिअर प्रवाहाला १३ मिलिव्होल्ट मिळतात. आपल्याला हवा असलेला बदल दहा हजारात एक भागाचा, म्हणजे जेमतेम एक मायक्रोव्होल्ट. तारेचं एक टोक खोलीत आणि एक द्रवरूप हेलियमजवळ असल्यानं नुसत्या तापमानाच्या फरकानंही एवढी व्होल्टता उपजते. म्हणून प्रवाह उलटसुलट करून दोन्ही मापांतून ती वजा करतात. मग तुकडा नळीच्या टोकाला बांधून हळूहळू हेलियमच्या पिंपात उतरवायचा. ३०० केल्विन, २००, १००, ७७. रोध हळूहळू उतरतो. पन्नास, तीस. उतरणं मंदावतं. आणि मग लोखंडी काचांत बरेचदा दहा-वीस केल्विनच्या आसपास तो थांबतो आणि पुन्हा चढू लागतो. पिंपात तुकडा आणखी थंड होतोय, आणि रोध वाढतोय.

थंडीत रोध चढण्याची ही गोष्ट पहिल्यांदा सोन्यात दिसली. १९३४ मध्ये, नेदरलँड्समधल्या लायडनला. तीस वर्षं तिचं कारण कुणाला नीट सांगता आलं नाही. १९६४ मध्ये जपानच्या जुन कोंडो यांनी ते सांगितलं. सोन्यात चुकून राहिलेले लोखंडासारखे चुंबकीय अणू जवळून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनशी आपल्या चुंबकीय दिशेची अदलाबदल करतात. थंडी वाढते तशी ही देवघेव जास्त घट्ट होते आणि रोध तापमानाच्या लॉगरिदमनं चढतो. काचेतही हे दिसलं. १९७० च्या सुमाराला हासेगावा आणि त्सुई यांनी पॅलेडियम-सिलिकॉनच्या काचेत थोडे चुंबकीय अणू मिसळून ही चढण मोजली.

पण लोखंडाच्या काचेत हे स्पष्टीकरण बसवताना अडचण येते. कोंडोंच्या चित्रातला चुंबकीय अणू एकटा हवा, इकडून तिकडे फिरायला मोकळा हवा. लोखंडी काचेत दहातले आठ अणू लोखंडाचेच, आणि ते सगळे खोलीच्या तापमानाच्या कितीतरी वरपासून एकाच दिशेला तोंड करून उभे असतात. मग मोकळा कोण? मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या कॉक्रेन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. चुंबकीय क्षेत्र लावलं तरी ही चढण जवळजवळ हलत नाही. तेव्हा कारण चुंबकाचं नसून रचनेचं असावं, असं त्यांनी मांडलं. काचेत काही अणूंना बसायला दोन जवळजवळ सारख्याच जागा असतात आणि ते एकीतून दुसरीत ये-जा करतात. खिडकीच्या काचेसारख्या पदार्थांची थंडीतली उष्णताधारकता समजावण्यासाठी अँडरसन, हाल्पेरिन आणि वर्मा यांनी, आणि स्वतंत्रपणे फिलिप्स यांनी, १९७२ मध्ये हीच कल्पना आणली होती. तिच्यातून रोधाचाही लॉगरिदम निघतो. बरीच वर्षं अनेकांनी आपापल्या आलेखांना हेच कारण लावलं.

१९७९ हे वर्ष या सगळ्याला वळण देणारं ठरलं. त्या वर्षी दोन विचार पुढे आले, आणि माझ्या मते धातुकाचेच्या थंडीतल्या वागण्याचा मोठा भाग या दोनांतच आहे. पहिला अब्राहम्स, अँडरसन, लिकियार्डेलो आणि रामकृष्णन या चौघांचा. त्यातले टी. व्ही. रामकृष्णन बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. ज्या विद्यापीठात धातूच्या काचा घडत होत्या, तिथेच शिकलेल्या माणसानं त्यांच्या विजेचं कोडं सोडवायला हातभार लावावा, याचा मला फार आनंद वाटतो.

त्यांचं म्हणणं असं समजून घेता येईल. देवळाभोवती प्रदक्षिणा घालणारा भाविक देवाला उजव्या हाताला ठेवून फिरतो. इलेक्ट्रॉन लाट असल्यामुळे एकाच वेळी दोन्ही बाजूंनी फिरतो. अणूंवर आदळत, वळत, एखादा वेढा पूर्ण करून तो निघाल्या जागी परत येतो, तेव्हा उजवीकडून आलेली आणि डावीकडून आलेली लाट नेमकं सारखंच अंतर चालून आलेली असते. दोघींचे चढ-उतार जुळतात आणि त्या एकमेकींना बळ देतात. परत येण्याची शक्यता साध्या हिशेबापेक्षा दुप्पट होते. जो परत येतो तो पुढे जात नाही, म्हणून रोध वाढतो. खोलीच्या तापमानाला हे दिसत नाही, कारण थरथरणारे अणू वाटेतच लाटांचा मेळ बिघडवतात. थंडी वाढली की मेळ जास्त लांबपर्यंत टिकतो. चुंबकीय क्षेत्र लावलं की एका दिशेची लाट थोडी पुढे जाते, दुसरी थोडी मागे पडते, आणि दुप्पट झालेली शक्यता पुन्हा साधी होते. सोन्यासारखे जड अणू असले तर इलेक्ट्रॉनच्या स्वतःच्या फिरकीमुळे हिशेब उलटतो आणि लाटा एकमेकींना खोडतात. म्हणूनच चुंबकीय क्षेत्रात रोध मोजणं ही या विषयातली फार मोठी परीक्षा आहे.

दुसरा विचार लेनिनग्राडच्या आल्टशुलर आणि अरोनोव्ह यांचा. स्फटिकात दोन इलेक्ट्रॉन समोरासमोर आले तर भरकन एकमेकांना ओलांडून जातात. काचेत दोघेही अडखळत चालणारे, त्यामुळे ते एकमेकांच्या आसपास बराच वेळ रेंगाळतात आणि त्यांच्यातल्या प्रतिकर्षणाचा परिणाम वाढतो. यातून वाहकतेत तापमानाच्या वर्गमुळाप्रमाणे बदल होतो. थंड करत गेलं की वाहकता वर्गमुळानं उतरते आणि रोध त्याप्रमाणे चढतो. चुंबकीय क्षेत्राचा या परिणामावर फारसा प्रभाव पडत नाही, आणि मॅकगिलच्या त्या मोजणीशी हे सहज जुळतं.

मग भांडण मिटलं का? लगेच नाही. दीड ते दहा केल्विन एवढ्याच पट्ट्यात मोजलं तर लॉगरिदम आणि वर्गमूळ यांच्या रेषा इतक्या सारख्या दिसतात की दोन्ही सरळ वाटतात. एकच आलेख दोघांनी दोन कारणांसाठी पुरावा म्हणून दाखवावा, असं या विषयात खरोखर घडलं. फरक कळायला तापमान एका केल्विनच्याही खूप खाली न्यावं लागतं. तिथवर गेलेल्या मोजण्यांनी पुष्कळ काचांत वर्गमुळाच्या बाजूनं कौल दिला.

काही काचा खाली जाताना वेगळंच करतात. १९७५ मध्ये कॅल्टेकलाच जॉन्सन, पून आणि ड्यूवेझ यांनी द्रवातून झटपट थिजवलेली लँथॅनम-सोन्याची काच थंड केली आणि सुमारे साडेतीन केल्विनला तिचा रोध पूर्ण नाहीसा झाला. अतिवाहकता. अस्ताव्यस्तपणा अतिवाहकतेला मारक असेल, असं वाटणं साहजिक आहे, पण तसं नाही. याचं सर्वांत ठळक उदाहरण एका साध्या धातूचं आहे, बिस्मथचं, आणि त्यातला अर्धा भाग मुंबईत घडला.

जर्मनीत ग्योटिंगेनला बुकेल आणि हिल्श यांनी १९५० च्या दशकात बिस्मथची वाफ अतिथंड पृष्ठभागावर जमवली. अणू पडले तिथेच गोठले, थर अस्फटिकी राहिला, आणि तो सुमारे ६ केल्विनला अतिवाहक झाला. थोडी ऊब देऊन त्याचा स्फटिक होऊ दिला की अतिवाहकता गेली. मग बिस्मथचा स्फटिक अतिवाहक होतच नाही का? या प्रश्नाचा पाठलाग अनेक दशकं चालला. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एस. रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिशुद्ध बिस्मथचा स्फटिक थंड करत करत एका केल्विनच्या हजाराव्या भागाच्याही खाली नेला. ०.५३ मिलिकेल्विनला तो अतिवाहक झाला. २०१६ च्या डिसेंबरात ‘सायन्स’नं हे जाहीर केलं. तेच अणू ओळीत बसले तर ०.५३ मिलिकेल्विन, ओळ मोडली तर ६ केल्विन. अकरा हजार पटींचा फरक.

स्फटिकातल्या बिस्मथमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन फार थोडे असतात, साधारण एक लाख अणूंमागे एक. रचना मोडली की ते भराभर मोकळे होतात आणि तो खऱ्या अर्थानं धातूसारखा वागू लागतो. त्या अस्ताव्यस्त बिस्मथची अतिवाहकता अणूंच्या थरथरीनं इलेक्ट्रॉनांच्या जोड्या बांधणाऱ्या रुळलेल्या सिद्धांताच्या चौकटीत समजावता येते. नीट ओळीत बसलेल्या स्फटिकाची मात्र त्या चौकटीत बसत नाही. तिथे इलेक्ट्रॉन इतके थोडे आणि त्यांची ऊर्जा इतकी तोकडी की सिद्धांताचं पहिलंच गृहीतक, इलेक्ट्रॉन अणूंपेक्षा कितीतरी चपळ असतात हे, तिथे टिकत नाही.